जर्मनचं ताट

रविवार, ३ ऑगस्ट

"वाशीम जिल्ह्यातल्या बायांनो! आपल्याला सभेत सतरंजीवर सगळ्यात पुढे बसवतात. फोटो चांगला येतो म्हणून! माईक मात्र आपल्यापर्यंत येत नाही. आलाच, तर आभार मानायला."

अशी सुरुवात केली. ब्लॉगचं नाव — बिनमाईक. वीस वर्षं भाषणं केली. एप्रिलमध्ये जयंती, ऑक्टोबरात धम्मचक्र दिन, गावोगाव घसा बसवला. लोक टाळ्या वाजवतात आणि सतरंजी गुंडाळतात. लिहिलेलं तरी राहील!

धम्मपालनं पहिलं वाचलं. नवरा आहे, वाचणारच. म्हणे, "चांगलं हाये. पन टाळ्या कुटं वाजवाच्या?"

गुरुवार, ७ ऑगस्ट

वाचक — धम्मपाल, पुण्याला नोकरी करणारी लेक सपना, मी शिकवते त्या कॉलेजातल्या दोघी. आणि मी. सगळ्यात जास्त वेळा मीच उघडते. लाज वाटते.

रविवार, १० ऑगस्ट

सपनाचा फोन. "आई, तुझा लेख उघडला, बस आली, मी ऑफिसला पोचले — तू अजून प्रस्तावनेतच!"

चिडले. बायकांच्या मालमत्तेच्या हक्कावर लिहिलं होतं, कपाटभर पुस्तकं उपसून! ती हसली. "तू भाषणात पहिल्याच मिनिटाला एक बाई आणतेस. ती आण ना. लोक तिच्यासाठीच बसतात."

ती बाई! "परवा मला एक बाई भेटली" — एवढं म्हटलं की मागे उभे असलेलेही खाली बसतात. मानोऱ्यात ती वीटभट्टीवर असते. रिसोडात दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते. वाक्य मात्र एकच — "ताई, मले तोंड हाये, पन बोलनं नाई." अख्खा मंडप गप्प होतो.

ती मला कधीच भेटलेली नाही. स्टेजवर हे चालतं. सगळेच वक्ते करतात.

मंगळवार, १२ ऑगस्ट

बाई लिहिली. भाषणात नुसती "एक बाई" पुरते, आवाज तिला उभं करतो. लिहिताना ती धुरासारखी विरायला लागली. म्हणून तिला गाव दिलं — कामरगाव. तिथे मी कधी उतरलेही नाही, बसमधून पाहिलंय तेवढं. म्हणूनच दिलं! स्टँडजवळ भज्यांचा गाडा दिला. एक मुलगा दिला, एक सून. सून स्वतः स्टीलच्या ताटात जेवते आणि सासूला जर्मनचं ताट देते — पोचे पडलेलं. हे ताट कुठून सुचलं कोण जाणे!

सपनाला फोनवर वाचून दाखवलं. "जर्मन पुण्यात कळेल का? ॲल्युमिनियम लिही."

म्हटलं, ॲल्युमिनियमनं कोणी रडत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

पसरलं! मोबाईल टेबलावर ठेवला तर थरथरत कडेला जातो. नांदेड, नागपूर, कुणी दुबईची! बचत गटांच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर. "ताई, रडले." "माझ्या आईचं ताट आठवलं." कॉलेजात शिपाईमावशीनं माझा हात धरला आणि सोडेचना. मी मान खाली घातली — नम्रतेनं, असं तिला वाटलं.

लाज वाटली. पण वाचकांचा आकडा पाहिला की जाते.

सोमवार, १८ ऑगस्ट

अकोल्याच्या एका बाईनं खाली विचारलंय — "ताई, त्यांचं नाव काय? साडी आणि ताटवाटीचा सेट पाठवायचा आहे."

सभेत असं कोणी विचारत नाही! सभेत बाई येते, टाळी घेते, जाते. इथे ती थांबून राहिली आहे.

उत्तर दिलं — "त्यांची ओळख जपणं मी माझं कर्तव्य मानते." यावर आणखी कौतुक! किती सराईत झाले आहे मी.

बुधवार, २० ऑगस्ट

धम्मपाल भाजी निवडता निवडता म्हणाला, "नीलू, थे बाई आता कशी हाये व? एखाद्या दिवशी घरी आन न तिले, जेवाले."

वीस वर्षं हा माणूस माझ्या सभेत बसून तिच्यासाठी डोळे पुसत आलाय.

मी म्हटलं, "आणू."

रविवार, २४ ऑगस्ट

ती सापडली!

फोटो फिरतोय. कामरगावच्या स्टँडजवळ खरंच भज्यांचा गाडा आहे. खरंच एक म्हातारी. दोन्ही बाजूंना कुठल्याशा मंडळाचे कार्यकर्ते, मध्ये ती, आणि तिच्या हातात रिबीन बांधलेलं स्टीलचं नवं ताट. खाली लिहिलंय — "हीच ती! बिनमाईकची माऊली." नाव पंचफुलाबाई. मुलगा ट्रकवर असतो. घरात सून, वैजयंती.

गाडा मी दिला, तो होता. सून दिली, ती होती. ताट तेवढं माझं.

शनिवार, ३० ऑगस्ट

जाऊन आले. काय लिहू?

कामरगावच्या जीपमध्ये समोर दोघी बसल्या होत्या. एक म्हणाली, "उतरल्यावर भजी खाऊ व."

"जर्मनवालीच्या गाड्यावर?"

"कोन जर्मनवाली?"

"अवो थे सून! सासूले जर्मनच्या ताटात वाढते. अन दिसते कशी, गरीब गाय!"

"खरं काय?"

"शिकेल बाईनं लिवलं, बाप्पा. खोटं असन काय?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. जीपला खिडकी नव्हती. प्लॅस्टिकचा पडदा होता. त्याकडेच बघत राहिले.

दुपारची वेळ, गाड्यावर गिऱ्हाईक नव्हतं. दोघी मागे पोत्यावर बसून जेवत होत्या — एकाच ताटात! सून भाकरीचे काठ मोडून स्वतः खात होती आणि मधला मऊ भाग सासूकडे सरकवत होती. मला पाहून म्हातारी उठली. "बसा बाई. कढई तापवतो."

मी नाव सांगितलं नाही. गाव तेवढं खरं सांगितलं — मंगरूळपीर.

"मंगरूळची? तिथं एक भाषनवाली ताई हाये मने. तिनं माह्यावर लिवलं न."

सून ताट उचलून नळाकडे गेली. म्हातारीनं आवाज खाली आणला.

"म्या तिले कवा काय सांगतलं, मले तं आठवतच नाई. गिऱ्हाईक येते, बोलतो आपन. पन सांगतलं असन. एवढी शिकेल बाई खोटं काहून लिहीन?"

मी म्हटलं, "हं."

हं! एवढंच म्हटलं मी!

"माह्या सुनेले लोकं जर्मन म्हून चिडवून राह्यले. पोट्टी काई बोलत नाई, पन घरातले जर्मनचे गंज-पातेले बी मोडीत टाकून आली. आता माफी मांगून घेतो तिची. तोंडातून गेलं असन बाई माह्या, म्हनतो. काय करता!"

भज्याचा घास तोंडात होता. तो गिळायचा आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम. एकदा भर सभेत भोंगा बंद पाडला होता लोकांनी. मी टेबलावर चढून बिनमाईक बोलले होते, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं! आणि इथे हातभर अंतरावर एक म्हातारी. माझ्या शब्दावर तिचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास!

हात पुसले. जीपमध्ये बसले.

सोमवार, १ सप्टेंबर

म्हातारीनं माफी मागितली असेल का? आज तासाला मुलींना काय शिकवलं, आठवत नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

किशनभाऊंचा फोन. कामरगावच्या उत्सव समितीचे. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, तुमी लिवलं थे खरं निंगालं! सून गेली न माहेरी, शेलूबाजारले. भांडन नाई, तंटा नाई — पिशवी भरली अन गेली. मनात चोर असल्याशिवाय कोनी जाते काय? आता सभाच घेऊ. तुमी बोला. म्हातारीले स्टेजवर बसवू, शाल देऊ."

मी म्हटलं, "तारीख कळवा."

सवयीनं निघालं तोंडातून! सभा म्हटलं की तारीख. फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मुलींनी गुलाब दिला. "मॅडम, तुम्ही आम्हाला खरं बोलायला शिकवलं."

घरी येऊन पोस्ट काढून टाकली.

रविवार, ७ सप्टेंबर

काढली ते आणखी वाईट. "ताईंवर दबाव आला!" "ताई, घाबरू नका, आम्ही पाठीशी आहोत." जिच्या पाठीशी उभं राहायला हवं होतं ती मी नव्हतेच! आणि पोस्ट ग्रुपवर फिरतेच आहे, आता माझ्या नावाशिवाय. एका ठिकाणी ताटाला भोक पडलंय, त्यातून वरण गळतं. मी फक्त पोचे लिहिले होते.

धम्मपालला सांगितलं. सगळं. ती बाई कधीच नव्हती, हेही.

तो म्हणाला, "म्हंजे मी रडलो थे?"

मी मान हलवली.

"वीस वर्सं, नीलू?"

उठून त्यानं कणीक मळली. मला वाढलं. स्वतः नंतर जेवला, एकटा.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पहिला खर्डा — "बायांनो, तुमची गुन्हेगार तुमच्यासमोर उभी आहे!" फाडला. गुन्हेगारही स्टेजवरच उभी! दुसऱ्यात माझ्या पश्चात्तापाला दोन उपमा होत्या. तोही फाडला.

शेवटी एवढंच टाकलं — "कामरगावची बाई मी रचली. पंचफुलाबाई मला कधी काही म्हणाल्या नाहीत. सासूसुना एका ताटात जेवताना मी पाहिल्या आहेत. जर्मनचं ताट माझं आहे." खाली पूर्ण नाव लिहिलं.

आता थुंकतील. थुंकू देत.

शनिवार, १३ सप्टेंबर

थुंकलं नाही कोणी. वाचक पहिल्यापेक्षा जास्त! "काय धाडस!" "असं कबूल करायला वाघिणीचं काळीज लागतं." "ताई, शेवटची ओळ — निःशब्द!"

किशनभाऊ — "एक नंबर, ताई! हेच स्टेजवर सांगा. लोकं ढसाढसा रडतीन."

"सभा रद्द करा, भाऊ."

"काहून? बॅनर छापून आलं न! म्हातारीचा बी फोटो टाकला, तुमच्या बाजूले."

रद्द म्हणजे रद्द, असं ओरडले. ओरडणं तेवढं छान जमतं मला.

माझी लाजसुद्धा भाषण झाली! तोंडातून काहीही निघो, त्याला टाळीच मिळते. सपना म्हणाली, "आई, झालं ना आता? सांगून टाकलंस." झालं? वैजयंती अजून माहेरीच आहे. उद्या तिच्याकडे जाते. लिहायला नाही, पाया पडायला.

रविवार, १४ सप्टेंबर

शेलूबाजारच्या स्टँडवर बसून लिहिते आहे. वैजयंती अंगणात मुगाच्या शेंगा सोलत होती. मी वाकले तर तिनं पाय मागे घेतले. "वाचलं म्या. मोबाईल हाये मले."

"मग परत जा ना, बाई."

"लोकं जर्मन म्हनत, थे सोसलं. तुमच्या लिवन्यानं नाई आली मी. सासूबाईनं हात जोडून माफी मांगतली न, तवा आली. मले वाटलं, म्हनल्या नसत्या तं माफी कायले मांगतली असती?"

"पण आता तर तुला कळलं —"

"मले कळलं. त्याईले वाचता येते काय? मी फोनवर सांगतलं, सासूबाई, तुमी म्हनल्याच नव्हत्या. तं म्हनते, तू माही समजूत काढून राह्यली. शिकेल बाई खोटं लिहीन काय! रोज रडते. मी गेली तं पुन्हा हात जोडतीन. मले काहून सांगता? त्याईले सांगा न!"

समोर कारंज्याची जीप भरते आहे. तिथून कामरगाव. ऊठ, नीलिमा! बस त्या जीपमध्ये, आणि पंचफुलाबाईंच्या समोर पोत्यावर बसून सांग — ती शिकलेली बाई मी आहे, आणि मी खोटं लिहिलं.