दारातल्या मुंग्या

अत्तै,

तुम्ही देवळातून याल तेव्हा मी ऑफिसला गेलेली असेन. आत येताना जपून या, दारातलं कोलम अजून ओलं आहे. मीच काढलंय, हसलात तरी चालेल. फोनवर बघून काढायला गेले, एक ठिपका चुकला आणि सगळी वेल भरकटली.

रविवारी दारात मुंग्यांचं औषध मारलं. माहीत नव्हतं, असं सांगणार होते, पण सासूशी खोटं कशाला बोलू? लग्न होऊन आले तेव्हाच तुम्ही सांगितलं होतंत, की कोलम तांदळाच्या पिठाचं काढतात ते मुंग्यांनी खावं म्हणून. मी मोबाइलमधून मान वर न काढता "हो हो" म्हटलं होतं.

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. "जेवायला बोलावून विष घातलंस," एवढंच म्हणालात आणि चार दिवस कोलम काढलं नाहीत. काल कोरडं दार बघून शेजारच्या सुंदरवल्ली मामींनी हळूच विचारलं, "घरात कोणी गेलं का गं?" मी "नाही" म्हटलं. मग वाटलं, गेलं की.

उंबरठा साबणाने तीनदा धुतला, मगच पीठ टाकलं. इडलीचं पीठ फ्रिजमध्ये आहे.

कोलम वाकडं असलं तरी पुसू नका. अर्धा तास दाराशी बसले होते, एकही मुंगी फिरकली नाही. दिसली तर लगेच फोन करा. मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

याळिनी