चारच्या पटीतली जागा

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार. सौंदड

मेलं पुन्हा बंद पडलं! ग्राहकाच्या त्या इवल्याशा बोर्डावर आमचा डीबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन, उघडताक्षणी मान टाकतो. माझ्या लॅपटॉपवर मात्र मजेत चालतो. लबाड!

पुण्याहून दिव्या मॅडमचा फोन — "साक्षी, शुक्रवारपर्यंत झालं तर घरूनच काम कर. नाहीतर एक तारखेपासून ऑफिसला ये."

आई गेल्यापासून बाबा इथं एकटे. दिवसभर अंगणात बसून असतात. त्यांना टाकून मी जाणार नाही म्हणजे नाही.

११ नोव्हेंबर

सापडलं! कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर प्रोग्रामसोबत डीबगरसाठी खुणा ठेवतो — कोणती सूचना कोडमधल्या कोणत्या ओळीची, कोणता व्हेरिएबल कुठे. प्रत्येक खूण चारच्या पटीतल्या जागेवर सुरू व्हायला हवी. मी मोजलं खुणांच्या तुकड्याच्या सुरुवातीपासून, आणि तो अख्खा तुकडाच फाइलमध्ये वेड्यावाकड्या जागी बसलाय. लॅपटॉप कुठूनही वाचतो. बोर्ड अडून बसतो.

इतका आनंद झाला आणि सांगायला माणूस नाही. अंगणात गेले तर शेजारच्या धुरपताकाकू कुंपणावरून — "काऊन वो, दिवसभर घरातच बसून राहिली? नोकरी सुटली का?"

हसले. आत आले, दार लावलं आणि रडले.

१२ नोव्हेंबर

आज कानावर पडलेले शब्द — "मीठ दे." बाबांचे. बस्स.

१३ नोव्हेंबर

वाचताना आता बाइट आधी सरळ जागेवर उतरवून घेते, मगच त्यांचा आकडा करते. लिहिताना मोजणी फाइलच्या सुरुवातीपासून, आणि मधल्या फटींत शून्यं भरली. मोठ्या ऐटीत चालवलं — तर जिथं तिथं 'ओळ शून्य'! फटीतली शून्यंच खुणा समजून वाचत बसला गधडा. ती ओलांडून पुढं जायचं, हे त्याला सांगायचंच राहिलं होतं. माझंच डोकं फिरलंय.

पुण्यात असते तर बाजूच्या टेबलावरच्या कुणीतरी एव्हाना खदखदून हसून घेतलं असतं. त्या हसण्याची फार आठवण आली.

१४ नोव्हेंबर

चाललं! चाललं! बोर्डावर डीबगर बरोब्बर हव्या त्या ओळीवर थांबला. दिव्या मॅडम — "शाब्बास. राहा घरीच."

धावत अंगणात गेले. "बाबा, मी आता कायमची इथंच!"

"बरं झालं," म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. आईचं दुःख अजून ओसरत नाही त्यांचं. मी जवळ असले की हळूहळू ओसरेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बाबांचे मित्र मनिरामकाका आले. कापणी झाली की शेतात धानाचे पुंजणे, म्हणजे गंज्या, लागतात; गावातली बाप्ये मंडळी रात्री तिथं राखणीला, जागलीला जातात. शेकोटी, गप्पा, खिदळणं.

"ताराचंद, यंदा येत काऊन नाही बे? समदे तुयी वाट पाहून राहिले."

माझ्या कानावर हेडफोन होते, पण आवाज बंद होता. बाबांना ते ठाऊक नव्हतं.

"कसा येऊ गा? पोरगी दिवसभर घरात एकटीच बसून राह्यते. ना बोलनं, ना हासनं. तिले टाकून कसा येऊ? पुन्याले गेली असती तं आलो असतो."

दिव्या मॅडमना लिहिलं — एक तारखेपासून येते.