सातचं फाटक

१४ नोव्हेंबर २०२२
सत्यभामाला वसतिगृहातून काढलं. वॉर्डन मी, आणि मला साधं विचारलंही नाही!

गुन्हा काय? फाटक सातला बंद होतं, ती साडेसातला पोचली. फिजिओथेरपीची मुलगी. विद्यापीठच तिला शहरातल्या सदर भागातल्या दवाखान्यात शिकायला पाठवतं, तिथून सहाच्या आत सोडत नाहीत. परतताना पुलाच्या खोदकामात ऑटो अडकला. मी खाली धावले, पण चौकीदार कुलूप काढेना. "दीदी, ऊपर से मना है."

१५ नोव्हेंबर
रजिस्ट्रारकडे गेले. "नियम सबके लिए एक है, अनसूयाजी."

नियम केव्हाचा? मिशनचं छोटं कॉलेज होतं, मुली जेमतेम चाळीस, भोवती नुसती शेतं – तेव्हाचा. आता विद्यापीठ झालं, इमारतींवर इमारती उठल्या, शहर कुंपणाला येऊन टेकलं. समोर मोमोजच्या गाड्या अकरापर्यंत चालतात. मुलींनी मात्र सातच्या आत!

"सर, तुम्हीच पाठवता आणि तुम्हीच बाहेर ठेवता."

ते फाइल चाळत राहिले. म्हणे, वर्गातून कुठं काढलंय? पण गावाकडची पोर राहणार कुठं?

१७ नोव्हेंबर
पांढुर्ण्याहून तिचे वडील आले, तुळशीराम. ट्रंक उचलली, माझ्याकडे बघेनात.

"मॅडम, तुमच्या भरोशावर पोरगी ठेवली होती. गावात काय सांगू, काहून काढलं?"

"तिची काही चूक नाही हो."

"मंग मी तिला काहून घेऊन जाऊन राहिलो?"

सत्यभामा रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मार्चमध्ये शेवटची परीक्षा आहे." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळभर अंगाची लाही होत होती.

१८ नोव्हेंबर
राजीनामा दिला. मिशनच्या म्हाताऱ्या सिस्टरनी हात धरला, "गुस्से में मत जाओ." मग काय हसत जाऊ?

२ डिसेंबर
शहरातच, अधारतालच्या माझ्या घरी. सकाळीच तुळशीरामांचा फोन. आवाज बसलेला. "मॅडम, पोरगी घरात नाही. तुमच्याकडे आली काय?"

"आली. पोहे खाऊन राहिली. मार्चपर्यंत इथूनच कॉलेजला जाईल." विचारलं नाही, सांगितलं.

मला वाटलं, आता फोन आपटतील.

तर म्हणाले, "पोह्यात शेंगदाणे नका टाकत जाऊ. तिला चालत नाहीत."