हुस्नाचं औषध

सोलापूर, गुरुवार

प्रिय दाक्षायणी,

तू लॅबमधून दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. रागावू नकोस. नव्या प्लेटा लावल्यास ना? एकेका प्लेटीत शहाण्णव खळगे, रोबो भराभर थेंब टाकत जातो, क्षयाच्या जंतूची कितीतरी प्रथिनं एका दमात लावून होतात आणि स्फटिक धरतो एखाद्याचाच. गेल्या महिन्यात आपला धरला, तेव्हा क्ष-किरणांवरून काढलेला त्या प्रथिनाचा आकार मी मोबाइलवर घेऊन घरी आले. तिथंच चुकलं.

माझ्या धाकट्या भावाला, अतीकला, साध्या औषधांना दाद न देणारा टीबी आहे, हे तुला ठाऊक आहे. वैरागपर्यंत टेम्पो पळवणारा तो, आता जिना चढताना दोनदा बसतो. अम्मीनं ते रंगीत वेटोळं बघितलं आणि विचारलं, "ये उसी बीमारी का है? तो तेरी दवा कब आती?" आकार कळल्यापासून औषध हाती यायला दहा-पंधरा वर्षं जातात, कधी ते येतच नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून मला ते सांगवेना. म्हणाले, ईदपर्यंत येईल. अतीक आतल्या खोलीतून ऐकत होता.

सोमवारी टेम्पो झाडायला घेतला तर सीटखाली पिशवी सापडली. चार आठवड्यांच्या गोळ्या, एकही न घेतलेली. त्या गोळ्यांनी त्याला मळमळतं, कातडी काळवंडलीय. मी ओरडले तर शांतपणे म्हणाला, "ईदला तुझी येणारच की, आपा. मग ह्या कशाला गिळू?"

मी सगळं खरं सांगितलं. रडले. तो हसला. त्याला वाटतं, खोटं मी आत्ता बोलतेय, गोळ्या घ्यायला लावण्यासाठी. काल डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बेडका तपासायला घेतला, उपचार पुन्हा सुरू केले. रिपोर्ट यायचाय. माझ्यासमोर तो गोळी तोंडात टाकतो. मी पाठ फिरवली की काय करतो, कळत नाही. बेसिनपाशी पाणी वाजलं तरी माझा जीव उडतो.

म्हणून लिहितेय. रविवारी सोलापूरला ये. मास्क लावून, दार-खिडक्या उघड्या ठेवून त्याच्याजवळ बस आणि सांग की आपल्याकडे औषध नाही, नुसता आकार आहे, आणि त्याला वाचवतील त्या सीटखालच्याच गोळ्या. तू त्याच्याशी कधी खोटं बोललेली नाहीस. मी बोलले.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच हुस्ना