मागच्या अंगणातल्या रानफुलाची मालकी

मी, सोफे आणि गाद्या शिवून संसार केलेली बाई, हे शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. गुडघ्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

१. राहतं घर मुलाला द्यावं. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सूनबाई यांनी निम्मी निम्मी वाटून घ्यावी.

२. बाकदार सुया व मोठी कात्री दुकानातल्या माझ्या जोडीदारणीला. त्या कात्रीने कागद कापू नये.

३. निळा सोफा नणंदेला. त्यावर बसून तिने आयुष्यभर माझ्या शिलाईला नावं ठेवली. आता स्वतःच्या घरी बसून ठेवावीत.

४. मागचं अंगण. याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

लग्नाआधीची गोष्ट. टेकडीखालचा रस्ता रुंद होत होता आणि कडेला एक जांभळं रानफूल डुलत होतं, कोणी न लावलेलं, इथल्याच मातीचं. मी वाकून ते मुळासकट काढत होते. रोलर चालवणाऱ्याने रोलर थांबवला आणि म्हणाला, “ताई, सावकाश काढा. तोवर मी चहा घेतो.” पुढे त्याच्याशीच लग्न झालं. त्या ‘ताई’वरून मी त्यांना शेवटपर्यंत चिडवलं.

लग्न होऊन या घरी येताना ते रोप सोबत आणून मागच्या अंगणात लावलं, तर वाळून गेलं. आम्ही आशा सोडली. पुढच्या वर्षी ते आपसूक वर आलं, आणि मग दरवर्षी येत राहिलं. फुलांच्या दिवसांत फुलपाखरं इतकी येतात की अंगण जमिनीपासून सुटून तरंगतंय असं वाटतं. हे गेले तेव्हाही असंच तरंगत होतं.

मुलाला तिथे गाडीसाठी सिमेंट करायचं आहे. “आई, निम्मं वर्ष तर ते मेलेलंच असतं,” तो म्हणाला.

“मेलेलं नसतं रे, खाली असतं,” मी म्हणाले.

सूनबाई या घरात फारशी बोलत नाही. एका सकाळी ती अनवाणी तिथे बसून, वाकलेल्या दांड्याला केसांची रिबीन बांधून आधार देत होती. मला पाहून ओशाळली. म्हणाली, “आई, याला वास नाही, तरी इथे आलं की काहीतरी आठवतं. काय ते कळत नाही.”

म्हणून मागचं अंगण एकट्या सूनबाईच्या नावे करत आहे. तिच्या सहीशिवाय तिथे घमेलंभर सिमेंटही पडू नये. मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे बायकोची परवानगी काढायची?” मी म्हटलं, “रीतसर.” तो हसला, आणि गाडी बाहेरच उभी करून आला.

ठिकाण: मागच्या दाराची पायरी.
दिनांक: फुलं उमलू लागली त्या आठवड्यातला बुधवार.
सही: लिहून ठेवणारीची.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई. शेजारचे सुतारकाका; सही करताना डोळ्यात भुसा गेला, असं त्यांचं म्हणणं.