वर बघा

३ जून
नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं नवं पेन आमच्याकडे तपासतात. डोळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, टक्. चाचणीला काचेसारख्या चकचकीत पण मऊ डोळ्यांचा रबरी चेहरा आहे. मोबाईल बाहेरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे, आणि दर वेळी टोचण्याआधी मोठ्याने "वर बघा" म्हणायचं. पुढे नर्सही तसंच म्हणणार, म्हणून. सर म्हणाले, या चेहऱ्याइतकं ऐकणारं माणूस तुला घरी मिळणार नाही.

खरं आहे. आईच्या डोळ्याचा पडदा सुजलाय आणि ही बाई सुईचं नाव काढू देत नाही.

८ जून
आई पेनला तयार झाली! दवाखान्यात पेशंटवर त्याची चाचणी सुरू झालीय, तिथे टक् झालं तरी विचारत होती, कधी देणार म्हणून. मला रडूच आलं.

११ जून
आईला स्पष्ट दिसायला लागलंय, पण भलतंच. दुपारी तिला पांढरा दिवा दिसतो, ट्रे दिसतो आणि वरून वाकलेली मी. कामावरही माझी पाठ सोडत नाहीस, म्हणून मी हसले. मग तिने विचारलं, हातमोज्याला निळी पट्टी का गुंडाळली होतीस?

हातमोजा आजच कामावर फाटला होता. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

१२ जून
मी रबरी डोळ्यांना टोचते आणि त्याच वेळी घरी आई डोळा दाबून कळवळते. शेजारच्या काकू सांगत होत्या.

मला फार भीती वाटतेय.

१३ जून
सरांना सांगितलं. ते म्हणाले, झोप घे नीट. उद्या लांब सुईची चाचणी आहे. मुद्दाम चुकीची सुई लावायची आणि पेन ती अडवतं का बघायचं. नाही अडवली तर थेट पडद्यापर्यंत—

चेहरा पिशवीत घालून घरी आणला. टॉवेलात गुंडाळून घट्ट गाठ मारली. आई म्हणते, अंधार झाला, बरं वाटतंय.

१४ जून
रजा टाकली. गाठोडं समोरच आहे.

आई मटार सोलता सोलता थांबली. म्हणते, दिवा लागला. ट्रे आहे. सर आहेत.

गाठ तशीच आहे. मग त्यांनी दुसरा चेहरा—

सरांना फोन लावलाय. नुसता वाजतोय. ड्रॉवरमध्येच—

आईला म्हटलं डोळे मीट. मिटलेत तिने. तरी म्हणते, दिसतंय.

सर काहीतरी बोलतायत म्हणते—

आई, नको. मान वर करू न—