गुळव्याचं नाक

१ जानेवारी १९३७, शुक्रवार
बारामतीच्या अडत्यानं दिलेली नवी डायरी आजपासून सुरू. रोज लिहायची. रोज म्हणजे रोज.

यंदा निश्चय एकच. २४ तारखेला बारामतीत गुळाचं प्रदर्शन आहे. त्यात आबासाहेबांच्या कळंबच्या गुऱ्हाळातल्या गुळाला फर्स्ट नंबर, चांदीचं पदक, आणि गुळव्या म्हणून माझं नाव. रामहरी, मुक्काम अंथुर्णे.

बाकीचे गुळवे पाक झाला का बघायला गार पाण्यात गोळी टाकतात. मी टाकत नाही. आमचे वडील, तात्या, तेही टाकत नव्हते. रस उकळायच्या काहिलीशेजारी उभं राहायचं, डोळे मिटायचे, वास घ्यायचा आणि ‘उतरवा’ म्हणायचं. आबासाहेबांनी दसऱ्याला हंगामाची सुपारी दिली ती या नाकाला. भर गुऱ्हाळात मी सांगून ठेवलंय, ज्याला पाण्यात गोळी टाकायची त्यानं सोनाराकडं कामाला जावं.

सकाळपासून सात शिंका. चिपाडाची धूळ.

२ जानेवारी
डावी नाकपुडी बंद. काळजीचं कारण नाही. उजवी पहिल्यापासून जास्त हुशार.

द्वारकेनं सुंठ-तुळशीचा काढा केला. (द्वारका म्हणजे आमचं कुटुंब. हंगामभर आम्ही दोघं गुऱ्हाळाशेजारच्या कोपीत राहतो.) सर्दी नाहीच तर काढा कशाला, म्हणून ओतून दिला. ती म्हणाली, काढा वतलात, आता नाकातनं गळतंय ते कुठं वतनार. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शिंक आली.

४ जानेवारी
उजवीही बंद.

मागल्या साली इथल्या गुळव्यानं दोन काहिली जाळल्या. आबासाहेबांनी त्याला दुपारची भाकरसुद्धा खाऊ दिली नाही, तसाच वाटेला लावला. हे आज सारखं आठवतंय. का आठवतंय कळत नाही.

ट्रीटमेंट माझी मीच ठरवली. पहाटे कालव्याच्या गार पाण्यात डोकं बुडवायचं. थंडीला थंडीनं मारायचं. शास्त्रीय आहे.

५ जानेवारी
बुडवलं. ताप आहे. कान पण बंद झाले. म्हणजे सर्दी नाकातून निघाली आणि आता कानातून बाहेर पडणार. गुण येतोय.

आबासाहेबांनी विचारलं, रामहरी, आवाज असा का रं येतोय, रांजणात बोलल्यावानी. मी म्हणालो, घशाला विश्रांती देतोय.

६ जानेवारी
आज नाकाशिवाय पहिली काहील. अंदाजानं उतरवली. डोळे उघडून फेस बघावा असं दहादा वाटलं, पण समोर आठ माणसं उभी. डोळे उघडले असते तर तात्यांचं नाव गेलं असतं.

ढेप बसली नाही. संध्याकाळपर्यंत नुसती काकवी. मी सांगितलं, मुद्दाम ठेवलीय, काकवी तब्येतीला चांगली. चुलवणाला जाळ घालणाऱ्या संभाजीनं काकवीत बोट बुडवून चाटलं. त्याचं ते चाटणं मला आवडलं नाही.

७ जानेवारी
इंदापुरास जाऊन राजमहंमदच्या दुकानातनं तपकीर आणली. तो म्हणाला, रामहरीभाऊ, चिमूटभरच घ्या, लई जालीम हाय. मी गुळव्या आहे. मूठभर घेतली.

एकेचाळीस शिंका. बत्तीस वाटेत, नऊ काहिलीशेजारी. नऊच्या नऊ वेळा मी तोंड फिरवलं होतं, असं माझं मत आहे.

९ जानेवारी
परत इंदापूर. डॉक्टरनं घसा बघितला, गुलाबी मिक्श्चर दिलं आणि म्हणाला, पाच दिवस धूर, थंडी आणि वाफ टाळा. धंदा काय तुमचा? मी सांगितलं. त्यानं मिक्श्चरची बाटली पुन्हा हातात घेऊन तिच्याकडं बराच वेळ बघितलं.

मिक्श्चर चविष्ट असावं. मला कळलं नाही.

१० जानेवारी
पकडलो गेलो. द्वारकेनं चूल पेटवता पेटवता काहीतरी माझ्या नाकाखाली धरलं आणि विचारलं, ह्यो वास कसला सांगा. मी डोळे मिटून म्हणालो, गुलाबपाणी. हिंग होता.

ती हसली नाही. खाली बसली. म्हणाली, अवं, आबासायबास्नी सांगा की, चार दिस पान्यात गोळी टाकून काम भागवा, कोन खातंय तुमाला. मी म्हणालो, प्राण गेला तरी टाकणार नाही. ती म्हणाली, मग मला काहिलीजवळ बसू द्या.

तिचे वडील नरसिंहपूरचे गुळवे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर गुऱ्हाळावर असायची. पण म्हणून काय झालं?

११ जानेवारी
ठरलं. ती वाऱ्याच्या अंगाला, चिपाडाच्या ढिगाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसणार. पाक झाला की तांब्या दगडावर ठेवणार. आवाज झाला की मी ‘उतरवा’ म्हणणार. कुणाला संशय यायचं कारण नाही. तांब्या कुणीही ठेवतो.

हे फक्त कन्फर्मेशनसाठी.

१२ जानेवारी
टण्ण. उतरवा!

सोन्यासारखी ढेप. आबासाहेबांनी तुकडा तोंडात टाकला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. खोकला आला.

१३ जानेवारी
कालच्याहून सरस. आबासाहेब म्हणाले, ह्या काहिलीतल्या दोन ढेपा बाजूला ठेवा. प्रदर्शनाची काहील तेवढी २१ तारखेला पाहुण्यांसमोर उतरवायची.

लक्षात आलं की तांब्या वाजायच्या क्षणभर आधीच मला आतून कळतं. आज तर निम्मा क्षण आधी कळलं. वास नाकानं घेतात हा अडाणी लोकांचा समज आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ वाळूसारखा लागला. गोड बोललो नाही.

द्वारका मागं लागली म्हणून उपाय सुरू केले. उपाय म्हणजे तिचं समाधान. ओवा तव्यावर भाजून फडक्यात बांधते आणि ती पुरचुंडी सारखी हुंगायला लावते. पितळी पातेल्यात पाणी उकळून वर घोंगडं पांघरून वाफ. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. रात्री हळदीचं दूध, कानाला फडकं. पहाटे कालव्याकडं जायची बंदी.

मी स्वतःचा एक उपाय गुपचूप जोडला. बंडीच्या खिशात कांदा.

१६ जानेवारी
ताप गेला. कान उघडले. उजव्या नाकपुडीतून चार-पाच श्वास आरपार!

कांदा जबरदस्त वस्तू आहे.

१७ जानेवारी
दोन्ही नाकपुड्या निम्म्या उघड्या. ओवा बंद, वाफ बंद, गुळण्या बंद. बऱ्या माणसानं औषध घेणं बरं नव्हे. आनंदाप्रीत्यर्थ चरकाखालचा गार उसाचा रस तीन तांबे प्यालो, वर वाटीभर दही.

१८ जानेवारी
दोन्ही बंद. कांदा जुना झाला असणार. बदलला.

द्वारका म्हणाली, वाफ सोडलीसा, रस ढोसलासा, आता कांद्याला कशाला बोल लावताय. पुन्हा पातेलं चढवलं. मी म्हणालो, बघू. पाठ फिरवून कोपीबाहेर गेलो.

१९ जानेवारी
संभाजीनं आज सगळ्यांदेखत विचारलं, वयनी रोज हितंच का बसत्यात. मी म्हणालो, ऊन खायला. तो म्हणाला, ढिगामागं तर सावली हाय. तो धरून सात माणसं हसली. हसायला कारण काय होतं? आठवा माणूस चरकाचे बैल हाकत होता म्हणून त्याला ऐकू गेलं नाही.

हे बरं नाही. २१ तारखेला बारामतीहून अडत्या आणि आणखी दोन पाहुणे येणार. त्यांच्यासमोर कुणी असलं काही बोललं तर? तात्या वरून बघत असतील.

२० जानेवारी
भांडण. द्वारकेला सांगितलं, उद्या तू अंथुर्ण्याला घरी जा. माझं नाक तयार आहे. आतून कळतं मला. ती म्हणाली, कळतंय तर हे काय सांगा. आणि काहीतरी नाकाखाली धरलं. मी विचारपूर्वक म्हणालो, हिंग. या वेळी गुलाबपाणी होतं.

माझा तोल गेला. म्हणालो, आठ-दहा दिवस तांब्या काय आपटलास, गुळवीण झालीस होय? तिनं उठून पिशवी भरली. जाताना ओव्याची पुरचुंडी माझ्या उशाशी ठेवून गेली. मी ती उचलून चुलीत टाकली. आता जरा वाईट वाटतंय. ओवा फुकट गेला म्हणून.

२१ जानेवारी, गुरुवार
सकाळी ११. चरक सुरू. रस पांढराधोट. डायरी खिशात घेऊन उभा आहे. इतिहास जागच्या जागी लिहिलेला बरा.

१२. मळी काढली. भेंडीचं पाणी घातलं. पाहुणे बाजेवर बसलेत. आबासाहेब त्यांना सांगताहेत, आमचा गुळव्या डोळं मिटून पाक वळखतो, बघाच तुमी.

१२॥. संभाजीनं गुपचूप गार पाण्याची वाटी माझ्या पायाशी आणून ठेवली. गोळी टाकायला. म्हणाला, असू दे, कोन बघत न्हाय. मी ती पायानं लवंडली. सगळ्यांनी बघितलं.

१. पाक फुगायला लागला असणार. आवाज जड झालाय. आता डोळे मिटतो. बाकी नंतर.

संध्याकाळी ५.
लिहायला पाहिजे. रोज म्हणजे रोज.

डोळे मिटले. वाफ तोंडावर येत होती. मी वाट बघत होतो. आतून कळायची. कळेना. पाठीमागं आठही माणसं गप्प. चरक थांबलेला. एवढी शांतता गुऱ्हाळावर मी कधी ऐकली नाही. मी म्हटलं, अजून नाही. मग म्हटलं, आता? मग म्हटलं, थोडं थांबू. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की मी वासाची नव्हे, तांब्याच्या आवाजाची वाट बघतोय. आणि तांब्या तर अंथुर्ण्यात.

त्याच वेळी नाकात काहीतरी सळसळलं, फट्दिशी आवाज झाला आणि दोन्ही नाकपुड्या सताड उघडल्या! एकोणीस दिवसांनी! डोळ्यांत पाणी आलं. पोटभर श्वास घेतला. इतका खणखणीत वास आयुष्यात आला नव्हता.

जळका होता.

२२ जानेवारी
ढेपा काळ्याकुट्ट. बैलांनीसुद्धा नुसत्या हुंगल्या.

कारणं. एक, ऊस कोवळा. दोन, चिपाड जास्त वाळलेलं. तीन, संभाजी. जाळ ओढायला काय झालं होतं, असं मी त्याला तावातावानं विचारलं. तो बिचकला नाही. म्हणाला, तांब्या वाजला न्हाय, मी जाळ कसा वढनार. धा दिस झालं, आमी समदी तांब्यावरच काम करतोय. तुमी डोळं मिटल्यालं असताय, तुमास्नी काय दिसनार. तांब्या वाजला की मी जाळ वढतो, गडी काहिलीचं बांबू उचलत्यात, मग तुमी ‘उतरवा’ म्हनताय. आबासायबास्नी बी ठावं हाय.

म्हणजे आठही जणांना ठाऊक होतं. आबासाहेबांनासुद्धा. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. भाकरही खाऊ दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या त्या दोन ढेपा हायत न्हवं?

२३ जानेवारी
कोपीत एकटाच. नाक पूर्ण साफ. चुलीच्या राखेत जळक्या ओव्याचा वास अजून येतोय. सगळे वास येताहेत. नको इतके.

२४ जानेवारी, रविवार
पहिला नंबर. १३ तारखेच्या ढेपांना.

मी बारामतीला गेलो नाही. डोकं दुखत होतं. संभाजीनं तिकडनं परत आल्यावर सांगितलं, परीक्षकानं गुळव्याचं नाव विचारलं, तर आबासाहेबांनी पागोटं सारखं केलं आणि द्वारकाबाई म्हणून सांगितलं. परीक्षकाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.

२६ जानेवारी
अंथुर्ण्याला घरी आलो. आबासाहेब घोड्यावरून आले, ओसरीवर बसले, चहा घेतला. उरलेल्या हंगामाची सुपारी काढली. मी सवयीनं हात पुढं केला. त्यांनी तो मोठ्या मायेनं बाजूला केला आणि सुपारी द्वारकेच्या पदरात घातली.

तिनं एक अट घातली. म्हणाली, हे बी येतील संगं, ‘उतरवा’ यांनीच म्हनायचं. आबासाहेब म्हणाले, व्हय व्हय, आवाज चांगला हाय त्याचा.

ती मला काही टोचून बोलली नाही. दिवसभर वाट बघितली. बोललीच नाही. मग मीच म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, पुरचुंडी कुठाय? मी म्हणालो, आहे कुठंतरी.

२८ जानेवारी, गुरुवार
गुऱ्हाळावर परत. द्वारका काहिलीशेजारी उभी, डोळे उघडे, पायाशी पाण्याची वाटी. दोनदा गोळी टाकून बघितली. कुणी हसलं नाही. मी ढिगामागं सावलीला, तांब्या धरून.

दुपारी तिला शिंक आली. एकच.

सगळं गुऱ्हाळ थांबलं. संभाजीनं माझ्याकडं बघितलं, आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी तांब्या टाकून कोपीकडं धावलो. ओवा भाजला. पाणी उकळत ठेवलं. घोंगडं काढलं. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, सुंठ, सगळं एकदम. ती म्हणते, अवं, चिपाडाची धूळ हाय नुसती.

मी ऐकलं नाही. जपायला पाहिजे. घरात कामाचं नाक एकच आहे.